बांधावरची रुई

रुईचे झाड कुणाला माहीत नाही? कुणी तिला रुचकीही म्हणतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. गुडघा दुखू लागला, की म्हातारी माणसे तिचे पान गरम करून बांधतात. एरवी मात्र रुईला कुणी विचारीत नाही. गुरेसुद्धा सहसा तिला तोंड लावीत नाहीत. पाऊस पडो की दुष्काळ पडो, ती आपली बांधावर, माळावर, रस्त्याच्या कडेला उभी असते.

पण एका जिवाचा सारा संसार या रुईवर चालतो. तो जीव म्हणजे एक फुलपाखरू. तामलवाडीच्या शिवारात तुम्ही ते पाहिले असेल. रंग नारिंगी-तांबूस. पंखांची टोके काळी आणि त्या काळ्यावर पांढरे ठिपके. उडणे अगदी संथ. जणू त्याला कुणाचे भय नाही!

रुईचे पान उलटून पाहा

या फुलपाखराची मादी रुईच्या पानावर एकेक अंडे घालते. बहुतेक वेळा ते पानाच्या खालच्या बाजूला असते. अंडे खसखशीच्या दाण्याएवढे. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. ती आधी अंड्याचे टरफल खाते, मग पान खाऊ लागते. तिच्या अंगावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असतात. पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात.

साधारण दोन आठवडे अळी खातच असते. मग ती कोष करते. कोष हिरवा किंवा गुलाबीसर असून तो उलटा लटकतो. काही दिवसांनी कोष फुटतो आणि फुलपाखरू बाहेर येते. पंख वाळले, की ते उडून जाते.

ही अळी रुई खाते, नाहीतर रुईच्या जातीची चिकाची झाडे-वेली खाते. ती ज्वारी खात नाही, सोयाबीन खात नाही, तूरही खात नाही. म्हणजे शेतकऱ्याचे ती काहीच बिघडवीत नाही. रुई मात्र मिळाली नाही, तर ती उपाशी मरते.

विषाचे चिलखत

रुईचा चीक विषारी असतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. मुलांना हे जरूर सांगा. पण या अळीला तो चीक बाधत नाही. अशा फुलपाखरांच्या अंगात झाडाचे कडू विष मुरते. पाखराने एकदा चोच मारली, की त्याला चांगलीच अद्दल घडते. पुन्हा ते त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून तर आपले फुलपाखरू इतके निवांत उडते!

गंमत अशी, की दुसऱ्या एका जातीच्या फुलपाखराची मादी हेच सोंग घेते. रंग तोच, ठिपके तसेच, पण अंगात विष नाही. पाखरे फसतात आणि तिला सोडून देतात. बहुरूपी काय फक्त माणसांतच असतात? या मादीच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात.

अमेरिकेतले भाऊबंद

आपल्या फुलपाखराचे भाऊबंद अमेरिकेत आहेत. त्यांना मोनार्क म्हणतात. मोनार्क म्हणजे राजा. त्यांच्या अळ्याही चिकाच्याच झाडांवर वाढतात.

कोजागिरीला सोलापूरहून लोक पायी तुळजापूरला निघतात. तामलवाडी त्याच वाटेवर आहे. वाटेत कुणी पाणी देते, कुणी चहा देते, कुणी जेवण वाढते. मोनार्कही अशीच यात्रा करतात. थंडी आली, की ते कॅनडा आणि अमेरिकेतून निघतात आणि मेक्सिको देशाच्या डोंगरांत उतरतात. काहींचा प्रवास तर 4000 किलोमीटरचा होतो. तिथे झाडांना ती लाखोंनी लगडतात. ती येतात तेव्हा मेक्सिकोत पितरांचा सण असतो. तिथले लोक समजतात, आपले वाडवडीलच परत आले.

ती झाडांवर किती जागा व्यापतात, ते दरवर्षी मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात ती जागा सुमारे 45 एकर होती. 2023-24 मध्ये ती जेमतेम सव्वादोन एकर उरली. असे का झाले? डोंगरावर झाडे तुटली. हवा बिघडली. आणि मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाची फवारणी वाढली. त्यात चिकाची झाडे जळून गेली. वाटेवरचे अन्नछत्र बंद झाले, तर यात्रेकरू कसे तगणार?

मग लोक जागे झाले. मेक्सिकोतली गावे जंगलावर राखण करू लागली. रोपे लावू लागली. अमेरिकेत लोकांनी अंगणात, रस्त्याच्या कडेला चिकाची झाडे लावली. 2024-25 मध्ये ती जागा सुमारे साडेचार एकर झाली. पूर्वीच्या मानाने ही थोडीच आहे. पण दुप्पट तर झाली!

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, “फुलपाखरू राहिले काय नि गेले काय! आमच्या पिकाला काय त्याचे?” खरे आहे. ज्वारीला फुलपाखरू लागत नाही. पण बांधावरच्या ज्या फवाऱ्याने अळी मरते, त्यानेच मधमाशीही मरते. सूर्यफूल, कांद्याचे बी, काकडी, भोपळा यांना मधमाशी हवीच. बांधावर फुलपाखरे दिसेनाशी झाली, तर समजा, मधमाश्यांवरही संकट आहे.

आपल्याकडेही आता सोयाबीन आहे आणि तणनाशकही आहे. म्हणून वेळीच एवढे करावे:

1. पिकातले तण काढा. पण बांधावरची, माळावरची रुई राहू द्या. सगळी नको असेल, तर एक कोपरा तरी राखा.

2. तणनाशक आणि कीटकनाशक बांधावर मारू नका.

3. बांध पेटवू नका. आगीत अंडी, अळ्या आणि कोष सारे जळते.

4. मारुतीच्या माळेसाठी पाने तोडताना आधी पान उलटून पाहा. अंडे किंवा अळी असेल, तर ते पान राहू द्या.

5. एकदांडीसारखी रानफुले राहू द्या. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला, तर दोन ओळी फुलू द्या. या जातीचे नर ताग-खुळखुळ्याच्या जातीच्या झाडांवर येतात.

6. गावची जैवविविधता समिती असते. तिची नोंदवही असते. ग्रामसभेत विचारा आणि रुई, फुलपाखरे, मधमाश्या यांची नोंद करून घ्या. शाळेतली मुले मोजणीला मदत करतील.

एकट्याच्या बांधाने भागत नाही. यात्रेकरूला प्रत्येक गावात पाणी लागते. तसेच फुलपाखराला बांधाबांधावर रुई लागते. तुमच्या बांधावर असेल, शेजाऱ्याच्या असेल, पुढच्या शिवारात असेल, तरच त्याचा वंश टिकेल.

रुईला पाणी घालावे लागत नाही. खत घालावे लागत नाही. राखण करावी लागत नाही. फक्त तिच्यावर कुऱ्हाड आणि फवारा चालवायचा नाही. एवढ्या स्वस्तात दुसरे कोणते पुण्य मिळेल?