दरवर्षीची धाकधूक

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव कर्करोगाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. तेथील कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची एकच चाचणी केली, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

एक चाचणी, आणि बहुतेकींची काळजी मिटली! पण काही घरांत धोका जन्माबरोबरच येतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. त्यांपैकी एकात बिघाड असला, तर स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा साठ-सत्तरपर्यंत जाते. हा बिघाड आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. प्रत्येक अपत्यापुरता हा छापा-काट्याचाच खेळ.

समजा, सोलापुरात दोन बहिणी आहेत. कर्करोग झालेल्या आईत सदोष जनुक सापडले. मग थोरलीतही सापडले, धाकटीत नाही. थोरली अगदी निरोगी आहे, तरी पंचविशीपासून तिला दरवर्षी एमआरआय तपासणी करावी लागेल. तारीख जवळ आली की झोप उडते. अहवाल चांगला आला की मन हलके होते, ते पुढच्या तारखेपर्यंत! शिवाय एमआरआयची नजर इतकी बारीक, की निरुपद्रवी गाठही संशयित ठरते. मग सुईने तुकडा काढायचा आणि पुन्हा वाट पाहायची.

धाकटी तरी आनंदात असेल? 'ताईलाच का, मला का नाही?' ही टोचणी अशा अनेकांना लागते, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे.

त्यात आपल्याकडे लग्नाची चिंता. स्थळे येईनाशी होतील म्हणून अहवाल कपाटात जातो आणि मामेबहिणींना, मावसभावंडांना धोका कळतच नाही. मला तर हे सर्वांत घातक वाटते.

अहवालाने वाढलेली चिंता बहुतेकांच्या बाबतीत वर्षभरात ओसरते. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन करतात, ते मधला काळ निभावता यावा म्हणून.

तुमच्या वयाच्या मुलामुलींची ही जनुक-तपासणी सहसा करत नाहीत. अठराव्या वर्षाआधी तिच्यावरून करण्यासारखा उपाय नसतो; आणि ही गोष्ट जाणून घ्यायची की नाही, हे मोठेपणी ज्याचे त्याने ठरवायचे असते.