कौटिलीय अर्थशास्त्राच्या पोथ्या व राज्यशास्त्राचें अध्यापन

विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांत प्राचीन भारतीय राजकीय विचार आला कीं त्यांत कौटिल्य येतोच. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दण्ड व मित्र हीं राज्याचीं सात अंगें आणि बारा राजांचें मण्डल विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारें हें शिकविलें जातें, तो विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत अभ्यासकांस बव्हंशीं नांवानेंच परिचित होता. दण्डीनें त्याच्या सहा हजार श्लोकांच्या विस्ताराचा उल्लेख केला, बाणानें त्याची निर्दय म्हणून निर्भर्त्सना केली, कामन्दकानें त्यास वंदन केलें; मूळ ग्रंथ मात्र हातीं नव्हता.

इ. स. १९०५ च्या सुमारास तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूर येथील सरकारी प्राच्य ग्रंथालयास ग्रंथ लिपींतील एक पोथी दिली. तिजबरोबर भट्टस्वामीच्या टीकेचा त्रुटित भागही होता. तेथील पंडित रुद्रपट्टण शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं मूळ संहिता छापली व १९१५ सालीं संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. परिणाम किती त्वरित झाला पाहा: १९१९ सालीं जर्मनींत माक्स वेबर यानें राजकारणाच्या व्यवसायावर व्याख्यान दिलें, त्यांत या ग्रंथापुढें माकियावेलीचा ‘प्रिन्स’ निरुपद्रवी ठरतो असा निर्वाळा आहे.

पुढें लाहोरास योली व श्मिट यांची, आणि त्रिवेंद्रमास गणपतिशास्त्री यांची टीकेसह आवृत्ति निघाली. गणपतिशास्त्री यांनीं तर ग्रंथकाराचें नांवच ‘कौटल्य’ असें वाचलें. हें सारें साहित्य मुख्यतः दक्षिणेकडील होतें. म्हणून पाटणच्या जैन भांडारांतील, प्रारंभीच्या भागापुरती उरलेली त्रुटित प्रत मुनि जिनविजय यांनीं १९५९ सालीं प्रकाशांत आणली, तिचें मोल तिच्या पानांच्या संख्येवरून करतां येत नाहीं. दुसऱ्या प्रांतांत निराळ्या परंपरेनें उतरलेली ती साक्ष होती. मुंबई विद्यापीठाच्या वतीनें रा. प. कंगले यांनीं १९६०, १९६३ व १९६५ सालीं तीन भागांत संहिता, भाषांतर व विवेचन दिलें, तेव्हां तिचा उपयोग झाला.

आतां मुख्य मुद्दा. पाठ्यपुस्तकांत हा ग्रंथ चंद्रगुप्त मौर्याच्या अमात्यानें लिहिलेला, आणि म्हणून मौर्य राज्यकारभाराचा जणूं अहवाल, असा सांगितला जातो. संहितेंत चंद्रगुप्ताचें नांव नाहीं, पाटलिपुत्राचेंही नाहीं. नंदांचा उल्लेख येतो तो अखेरच्या श्लोकांत. टॉमस ट्राउटमन यांनीं १९७१ सालीं ‘च’, ‘वा’, ‘एव’ यांसारख्या अव्ययांची मोजदाद करून दुसरें, तिसरें व सातवें अधिकरण निरनिराळ्या हातचें असल्याचा निष्कर्ष काढला. दुसरा पुरावा ग्रंथाच्या रचनेंतच आहे. प्रकरणें १८० व अध्याय १५०. कोठें एका अध्यायांत अनेक प्रकरणें, तर कोठें एकच प्रकरण अनेक अध्यायांत पसरलेलें. एकाच कर्त्यानें एकाच वेळीं असा बेमेळ कां करावा? पॅट्रिक ऑलिव्हेल यांनीं १९१३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१३ सालीं, आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेंत मूळ रचना इ. स. पू. ५० ते इ. स. १२५ च्या दरम्यानची व अध्यायांची विभागणी नंतरच्या संस्करणांतली मानिली. कंगले मात्र परंपरागत कर्तृत्वाच्याच बाजूचे होते, आणि त्यांचा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाहीं.

आमच्या मतें शिक्षकानें हा वाद विद्यार्थ्यांपासून लपवूं नये. दुसऱ्या अधिकरणांतील अध्यक्षांची लांबलचक मालिका हें शास्त्र आहे. काय असावें तें सांगणारें. काय होतें, त्यासाठीं शिलालेख, नाणीं व उत्खनन पाहिलें पाहिजे. सप्तांगाचा सिद्धांत कोणत्या शतकाचा हें अनिश्चित राहिलें तरी विचार म्हणून त्याचें महत्त्व रतिभरही घटत नाहीं.

संग्राहकांस एक विनंती. भट्टस्वामीची टीकाही त्रुटितच मिळाली. म्हणून नीतिविषयक सुटीं पानें हातीं आल्यास तीं किरकोळ म्हणून बाजूस न टाकतां आधीं अध्यायसमाप्तीची पुष्पिका पाहावी. तेथें अधिकरण, अध्याय व प्रकरण यांचा एकत्र निर्देश आढळला, तर तें पान या कुळांतलें असण्याचा संभव आहे.