बाल शान्यू आणि बर्फाखालचं गवत

इसवी सनपूर्व १०५मध्ये मंगोलियाच्या गवताळ मुलखावर हुकमत गाजवणाऱ्या श्योंग्नूंच्या गादीवर वूशिलू बसला. त्यांच्या राजाला शान्यू म्हणत. वूशिलू वयाने इतका लहान होता, की चिनी इतिहासात तो ‘बाल शान्यू’ म्हणूनच ओळखला जातो. तीन वर्षांत त्याचा कारभार आटोपला. त्याच काळातला, चीनच्या हान राजवटीचा इतिहासकार सीमा च्येन त्याच्या रक्तपिपासू स्वभावाबद्दल लिहितो. पण त्याआधी एक साधी नोंद करतो : त्याच्या कारकिर्दीतल्या एका हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडलं, भुकेने आणि थंडीने पुष्कळ जनावरं मेली. मला ही नोंद त्या स्वभाववर्णनापेक्षा मोलाची वाटते.

मंगोलियात या आपत्तीला आजही ‘झुद’ म्हणतात. भटके पशुपालक हिवाळ्यासाठी फारशी वैरण साठवत नाहीत. कळप बर्फाखालचं वाळलेलं गवत खाऊन तगतो. घोडा पुढच्या खुरांनी बर्फ उकरतो आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत मेंढ्या चरतात. गाईबैलांना हे नीट जमत नाही. कधी बर्फाचा थर फार जाड होतो, तर कधी तो किंचित वितळून पुन्हा गोठतो आणि त्याचं टणक कवच बनतं. मग घोड्याचे खूरही हरतात. गवत वीतभर खाली असतं आणि जनावर उपाशी मरतं. उन्हाळा कोरडा गेला असेल तर अंगावर चरबी नसते, म्हणून मृत्यू लवकर येतो. गाभण माद्या गर्भ टाकतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा कळपही घटतो. २००९-१०च्या झुदमध्ये मंगोलियाने ऐंशी लाखांहून अधिक जनावरं गमावली.

ज्या राज्याचं अन्न, वाहन आणि सैन्य सगळं चार पायांवर चालतं, तिथे असा हिवाळा थेट गादीला हादरे देतो. वूशिलूच्या एका वरिष्ठ सेनानीने त्याला ठार करून हान सम्राटाला शरण जाण्याचा गुप्त बेत आखला. या सेनानीला सामावून घेण्यासाठी चिनी लोकांनी सीमेपलीकडे खास तटबंदीचं नगर उभारलं आणि आपला सेनापती चाओ पोनू याला वीस हजार घोडेस्वार देऊन पाठवलं. बेत फुटला, सेनानी मारला गेला. माघारी फिरलेला चाओ पोनू रात्री पाणी शोधायला बाहेर पडला आणि श्योंग्नूंच्या हाती सापडला. त्याच्या फौजेनेही शस्त्रं खाली ठेवली. इ.स.पू. १०२मध्ये वूशिलू स्वतः त्या नगरावर चालून निघाला आणि वाटेतच आजारी पडून मेला. मुलगा लहान असल्याने गादी चुलत्याकडे गेली. तोही वर्षभरातच वारला.

सुमारे दीडशे वर्षांनी पुन्हा तसंच घडलं. इ.स. ४६मध्ये वूदादीहोऊ हा शान्यूही गादीवर येताच वारला. त्या वेळी दुष्काळ आणि टोळधाडीने मुलूख उजाड झाला होता. ४८ साली श्योंग्नूंचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले.