विद्यार्थी व्हिसा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्यार्थी व्हिसा म्हणजे ठरावीक संस्थेत ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी परदेशी सरकारने दिलेली तात्पुरती परवानगी. ती द्यायची की नाकारायची, हे त्या देशाचा व्हिसा अधिकारी ठरवतो. नागपूर आणि विदर्भातून परदेशी शिकायला निघालेल्या अनेक घरांचा या प्रक्रियेशी हा पहिलाच संबंध असतो. त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबून पैसा आणि वेळ वाया जाण्याचा धोका मोठा असतो.

गैरसमज : नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातच व्हिसाचे काम होते.

वस्तुस्थिती : नागपूरचे प्रादेशिक कार्यालय भारत सरकारचे असून ते फक्त पासपोर्ट देते. व्हिसा परदेशी सरकार देते. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी नागपूरचे विद्यार्थी बहुधा मुंबई गाठतात. तेथील अमेरिकी वाणिज्य दूतावास २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. एक अपॉइंटमेंट बोटांचे ठसे व छायाचित्रासाठी आणि दुसरी मुलाखतीसाठी असते, हे ध्यानात ठेवून प्रवास व मुक्काम आखावा लागतो. त्याआधीचा क्रमही ठरलेला आहे : विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला मिळवणे, ३५० डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) शुल्क भरणे, डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज पूर्ण करणे आणि १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क भरून वेळ घेणे.

गैरसमज : प्रवेश मिळाला की व्हिसा मिळालाच.

वस्तुस्थिती : विद्यापीठ गुणवत्ता पाहते. व्हिसा अधिकारी शिक्षणाचा हेतू खरा आहे का, खर्चाची सोय आहे का आणि स्थलांतराच्या नियमांत अर्ज बसतो का, हे पाहतो. अमेरिकी कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार आपण तेथे कायम स्थायिक व्हायला जात नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. मुलाखत बहुधा काही मिनिटांतच आटोपते. हाच अभ्यासक्रम का, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, या प्रश्नांना विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत दिलेले उत्तर पाठ केलेल्या उत्तरापेक्षा उपयोगी पडते.

गैरसमज : बँकेत कोटभर रुपये दाखवावे लागतात.

वस्तुस्थिती : रक्कम देश आणि अभ्यासक्रमानुसार ठरते. अमेरिकेसाठी आय-२० वर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो. तो भागवण्याची सोय दाखवावी लागते आणि पुढील वर्षांसाठी पटण्याजोगी तजवीज असावी लागते. मंजूर शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्ती दोन्ही ग्राह्य असतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासारख्या योजनेचे मंजुरीपत्र हा खर्चाच्या सोयीचा भक्कम पुरावा ठरतो. ब्रिटनमध्ये स्वतःच्या किंवा पालकांच्या खात्यातील पैसे दाखवायचे असतील, तर ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. म्हणून नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी रक्कम आणून खाते फुगवण्याचा उपयोग होत नाही. जर्मनीसाठी सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात.

गैरसमज : चांगला एजंट हमखास व्हिसा काढून देतो.

वस्तुस्थिती : अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. कन्सल्टन्सी फार तर अर्ज भरण्यास आणि कागद लावण्यास मदत करते. व्हीएफएससारखी केंद्रे अर्ज, ठसे आणि कागदपत्रे स्वीकारतात. निर्णयात त्यांचा वाटा नसतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नोंदणी परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटांची असते. तिच्यावरून शिक्षणाच्या सल्लागाराची पारख होत नाही. मार्च २०२५ मध्ये भारतातील अमेरिकी दूतावासाने बॉट वापरून घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या. भारतीय विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रे उघडकीस आल्यानंतर कॅनडाने डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळून घेणे सुरू केले. खोट्या कागदांमुळे कॅनडात ५ वर्षे, ब्रिटनमध्ये १० वर्षे आणि अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते. कागद एजंटने लावला असला तरी त्याचे परिणाम विद्यार्थ्यालाच भोगावे लागतात.

गैरसमज : एकदा नकार आला की दार कायमचे बंद.

वस्तुस्थिती : २१४(बी) खालील नकार कायमचा नसतो. शुल्क परत मिळत नाही, पण नव्याने अर्ज करता येतो. परिस्थितीत किंवा पुराव्यांत काही बदल झाला असेल, तर त्या अर्जाला अर्थ असतो. जुना नकार लपवणे मात्र घातक ठरते, कारण अर्जात त्याविषयी थेट प्रश्न असतो.

गैरसमज : तिथे नोकरी करून सगळी फी भागते.

वस्तुस्थिती : कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे. सत्र चालू असताना अमेरिकेत आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरील अभ्यासक्रमांना २० तास. कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. एवढ्या कमाईवर राहण्या-खाण्याचा काही भार हलका होतो; फीची तरतूद निघण्यापूर्वीच करावी लागते.

गैरसमज : महिनाभर आधी अर्ज केला तरी चालते.

वस्तुस्थिती : अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो. ब्रिटनबाहेरून तेथील व्हिसासाठी सहा महिने आधी अर्ज करता येतो. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते, त्यासाठीही वेळ जातो. जून २०२५ पासून अमेरिकेने विद्यार्थी अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले असून त्यांची छाननी होते. म्हणून नागपूर विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, पासपोर्ट आणि कर्जमंजुरी ही कामे प्रवेशाच्या प्रयत्नांबरोबरच हाती घ्यावीत.

शुल्क, रकमा आणि नियम वारंवार बदलतात. पैसे भरण्यापूर्वी संबंधित सरकारचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे आणि अर्जातील प्रत्येक ओळ विद्यार्थ्याने स्वतः वाचूनच सही करावी.