जुन्या गाडीचा पार्ट: माप कुठून घ्यायचं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले लेथवाले आणि जुन्या गाड्यांचे हौशी मालक, दोघंही आज समोर आहेत. म्हणून थेट कामाचं बोलतो.

प्रीमियर पद्मिनी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आपली गाडी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्स्या होत्या तोवर पार्टला रोजचं गिऱ्हाईक होतं. आता मालक जुना तुकडा घेऊन येतो आणि म्हणतो, "अगदी अस्साच करून द्या."

इथेच घोटाळा होतो. तो तुकडा झिजलाय म्हणून तर बदलायचाय! अगदी तसाच केला, तर झीजही नव्याने बनवाल.

समजा, गिअरच्या जोडणीतला पितळी बुश आलाय. आतलं भोक एका बाजूने १६.१ मिमी, दुसऱ्या बाजूने १६.४. म्हणजे ते लंबगोल झालंय. मग मूळ माप कुठे मिळेल? जिथे घासलं गेलं नाही तिथे. शाफ्टचा जो भाग बुशच्या बाहेर राहतो, तिथे मायक्रोमीटर लावा. बुशचं बाहेरचं माप तो ज्या घरात बसतो त्या घरावरून काढा. आणि एक लक्षात ठेवा: बुश दाबून बसवला की आतलं भोक थोडं आवळतं. म्हणून शेवटचा रीमर बसवल्यानंतर फिरवायचा.

ओतकामात तर फरक डोळ्यांना दिसतो. धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण १ टक्का, ॲल्युमिनियम सव्वा टक्क्याच्या आसपास. जुनं २०० मिमीचं ॲल्युमिनियमचं कव्हर तसंच वाळूत दाबून साचा केला, तर नवीन कव्हर अडीच मिमीने आखूड येईल. बोल्टची भोकं जुळणारच नाहीत. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करायचा, आणि मशिनिंगसाठी वेगळं मटेरियल सोडायचं.

आट्यांचंही तसंच. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आटे सापडतात, कोन ५५ अंश. अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंश. पाव इंचाच्या बोल्टला दोन्हीकडे इंचाला २० आटे, त्यामुळे नट चढतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. पण आटे पूर्ण टेकत नाहीत, पकड कमी राहते. थ्रेड गेज लावल्याशिवाय हात घालू नका.

आता मालकांसाठी. ब्रेक आणि स्टिअरिंगचे पार्ट नुसत्या आकारावरून करून मागू नका. ब्रेकचं रबर दिसायला हुबेहूब होईल. पण इंजिन ऑइलमध्ये टिकणारं रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगू शकतं, आणि फुगलं की ब्रेक अडकतो. मटेरियल नक्की माहीत नसेल, तर कारागिराने सरळ नाही म्हणावं, आणि मालकाने त्याचा राग मानू नये.

शेवटी एक विनंती. एवढी मेहनत करून काढलेली मापं कागदावर उतरवा. कच्चं का होईना, ड्रॉइंग करा. मटेरियल, फिट, तारीख लिहा. पुढचा पद्मिनीवाला आला, की त्याच्या झिजलेल्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही.

आता प्रश्न घेऊया.