दारू कुठली निवडू?

बंदुकीची हो! परदेशी नेमबाज रिकाम्या पुंगळीत दारू तोलून भरतो, ते रील पाहून जालन्यातल्या हॉस्टेलवर तुम्हालाही खुमखुमी येते. थांबा जरा. शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. पुढे पोलीस भरतीचा फॉर्म भरायचाय ना?

आणि गंमत बघा, कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं, त्या खेळात दारू कोणीच भरत नाही. तिथलं .22 काडतूस एकदाच वापरायचं. ठिणगीचं मिश्रण पुंगळीच्या तळाच्या कडेत असतं, पिन आदळली की ती कडच चेपते. मग मोठे नेमबाज निवडतात काय? लॉट. रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडायची आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडतील, तोच लॉट घ्यायचा. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक निघतो!

तुमची सुरुवात मात्र 10 मीटर एअर रायफलने, कोचसमोर, रेंजवरच. इथे दारूच नाही, दाबलेली हवा. निवडायचे ते 4.5 मिमीचे छर्रे. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे असतात. टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे हा फरकही चालतो-बोलतो. दोन-तीन डबे मित्रांत वाटून घ्या, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, प्रत्येकातले दहा-दहा मारून बघा. महागडाच जिंकेल असं नाही.

छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुवा, मगच कचोरी.