केळं पिवळं झालं म्हणजे पिकलं का?

डझनभर पिवळीधमक केळी आणावीत, सोलावीत, तर आत कडक आणि तोंडात तुरट. मुलं अर्धी टाकून देतात. रोजंदारीच्या पैशातलं फळ असं वाया गेलं की जीव हळहळतो. आपल्या वस्तीत हे घराघरात घडतं. दोष दर वेळी गाडीवाल्याचा नसतो. घड कधी उतरवला आणि केळं घडात कुठे होतं, यावरही बरंच ठरतं.

नालासोपाऱ्याजवळच्या गाससारख्या गावात केळीची झाडं आपल्याला नवी नाहीत. केळफूल बाहेर पडल्यापासून घड तयार व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात. वरची फणी आधी धरते, खालची शेवटी. घड मात्र एकदाच उतरवतात. म्हणून एकाच घडातली वरची केळी जाड, भरलेली असतात, तर खालची बारीक आणि कोवळी.

लांब पाठवायचा माल पाऊण भरला की कापतात, कारण पूर्ण भरलेला वाटेतच पिकतो. फार कोवळं केळं जास्त दिवस टिकतं, पण त्यात पिष्ट कमी साठलेलं असतं. पिकताना या पिष्टाचीच साखर होते. पिष्टच कमी, तर गोडी कुठून येणार?

काही जण कार्बाइडने साल पिवळी करतात. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी फळं पिकवण्यासाठी त्यावर बंदी आहे.

मग केळी पारखायची कशी?

• आज खायची असतील तर धारा बुजलेली, गोलसर केळी घ्या. सालीवरचे तपकिरी ठिपके म्हणजे सडणं नव्हे. अशी केळी स्वस्त मिळाली तर जरूर घ्या. बुरशी किंवा आंबूस वास असेल तर नको.
• चार दिवस पुरवायची असतील तर भरलेली पण हिरवी फणी घ्या आणि सावलीत टांगा. कच्ची केळी फ्रीजमध्ये नकोत. सुमारे १३ अंशांखाली साल काळवंडते आणि पिकणं बिघडतं.
• लवकर पिकवायची असतील तर कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं सोबत ठेवा. त्यातून सुटणारा इथिलीन वायू बाकीची पिकवतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळ्यातल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असलेल्यांनीही प्रमाण विचारून घ्यावं.

पैसा आपल्या घामाचा आहे. रंगावर भुलू नका, धारा पाहून घ्या.